चार टायरांची वाटणी

वाटण्या करायला बसले तेव्हा बाकी सगळं सुरळीत पार पडलं. गाडं अडलं ते अगदी शेवटी, चार टायरांपाशी.

दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा. लोकही त्यांना तसंच म्हणायचे. धंदा पंप दुरुस्तीचा. विहिरींवरचे, नदीकाठचे, डोंगरातल्या बागांना पाणी चढवणारे पंप बंद पडले की लोक यांच्या वर्कशॉपचं दार वाजवत. थोरला अठ्ठावन्नचा, धाकटा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, म्हणून धाकट्याला शाळेत घालणं, तापात त्याच्या उशाशी बसणं, पाना कसा धरायचा ते शिकवणं, सगळं थोरल्याच्या अंगावर पडलं आणि त्यानं ते केलं. लग्न तेवढं राहून गेलं. ‘आधी याचं मार्गी लागू दे’ असं म्हणता म्हणता धाकट्याचं मार्गी लागलं, संसार झाला, मुलगी झाली, आणि थोरल्याला त्याबद्दल विचारणंच लोकांनी सोडून दिलं.

भांडणाचं कारण एवढंसं होतं. एका दुपारी थोरला वर्कशॉपच्या मागच्या खोलीत मोटारीची गुंडाळी उलगडत बसला होता. पुढे धाकटा फोनवर कुणा बागवाल्याशी बोलत होता. थोरला आत आहे हे त्याच्या गावी नव्हतं.

“मी येतो ना,” धाकटा म्हणत होता, “दादाला नका बोलावू. त्याचा हात कापतो आता. त्याला विहिरीत उतरवू नका, मला खरंच भीती वाटते.”

थोरल्यानं हातातली तार खाली ठेवली. हाताकडे बघितलं. हात कापत होता, हे खरंच होतं. वर्षभरापासून बारीक नट पकडताना बोटं ऐकत नव्हती, आणि ते फक्त आपल्यालाच माहीत आहे असा त्याचा समज होता. धाकटा खोटं बोलला असता तर थोरल्यानं बाहेर येऊन चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. पण खरं बोलला, आणि तेही परक्यापाशी. ते काळजात रुतलं ते रुतलंच.

“तोंडावर सांगायची छाती नव्हती होय रे तुझी?” एवढंच त्यानं बाहेर येऊन विचारलं. धाकट्याचा चेहरा पडला. तो काहीतरी बोलू लागला, पण थोरल्यानं हात वर करून त्याला थांबवलं. “वाटण्या करू.”

वाटण्यांना मामा आले. ते म्हातारे, निवृत्त शिक्षक, फळ्यावर गणित मांडावं तसं एकेक वस्तू मांडत गेले. पिकअप दोन होत्या, एक पांढरी एक निळी, त्या एकेक झाल्या. वर्कशॉप आणि वरची खोली थोरल्याला. धाकट्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतंच, शेजारी त्याला शेड टाकायला जागा होती. चेनपुल्या दोन, जॅक दोन, पान्यांचे संच दोन. मामा खूश होते. मग भिंतीला टेकवून ठेवलेले टायर दिसले.

कोरे करकरीत टायर. चिखलातले, जाड नक्षीचे, मुठीएवढे ठोकळे असलेले. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी रुतायची म्हणून दोघांनी मिळून महिन्याभरापूर्वीच आणले होते, आणि कुठल्या गाडीला आधी चढवायचे यावर हसतखेळत वाद घालत बसले होते. तेवढ्यात हे सगळं झालं.

“चारही एका गाडीला लागतात,” मामा म्हणाले. “बोला, कुणाला देऊ?”

“त्यालाच द्या,” थोरला म्हणाला.

“मला नकोत. त्यालाच द्या,” धाकटा म्हणाला.

ऐकणाऱ्याला वाटावं, काय हे भावांचं प्रेम! पण त्या ‘त्यालाच द्या’मध्ये प्रेमाचा मागमूस नव्हता. तुझ्याकडून फुकट काही नको, एवढाच त्याचा अर्थ होता. मामांनी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेवटी वैतागून म्हणाले, “मग दोन तुझे, दोन याचे. घाला एकदाचे आणि मोकळं करा मला.”

असे दोन-दोन टायर दोघांनी उचलून नेले.

गावात टायरचं दुकान एकच. ते चालवणारी बाई पन्नाशीची, अंगानं आडवी, बोलायला तिखट. तिला सगळे टायरवाली म्हणत, आणि तीही फोन उचलताना ‘टायरवाली बोलतेय’ असंच म्हणायची. थोरला आपले दोन टायर घेऊन गेला तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले.

“दोनच? बाकीचे दोन कुठायत?”

“तुला काय करायचंय? मागच्या चाकांना चढव.”

“थोरले, ऐका माझं. पुढे गुळगुळीत, मागे हे असले ठोकळे, म्हणजे एका गाडीला दोन स्वभाव. चिखलात ठीक. डांबरावर हे पूर्ण टेकतच नाहीत. ठोकळ्यांच्या टोकांवर गाडी उभी राहते, वळणात ते ठोकळे दबून हलतात. त्यात रस्ता ओला असला तर मागची बाजू पुढचीच्या आधी हात सोडते. कळतंय का?”

“तीस वर्षं गाडी चालवतोय मी.”

“तीस वर्षं चारी चाकं सारखी होती.” ती चाक उतरवता उतरवता पुटपुटली. “आणि हे उंचीलाही मोठे आहेत. काटा साठ दाखवेल तेव्हा तुम्ही पासष्टच्या वर असाल. तेवढं तरी लक्षात ठेवा.”

थोरल्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

एकटं राहणं म्हणजे काय ते त्याला त्या वर्षी कळलं. तसा तो वरच्या खोलीत पंचवीस वर्षं एकटाच झोपत होता. पण सकाळी सात वाजता खाली शटर वर जायचं आणि धाकट्याच्या शिट्टीचा आवाज यायचा, तेव्हा खोली एकटी वाटायची नाही. आता शटर तोच वर करायचा आणि तोच खाली. मध्ये जे काही घडायचं ते त्याच्या आणि मोटारींच्या मध्ये. कुणी गिऱ्हाईक आलं तर बोलणं व्हायचं, पण ते पंपाचं. कधी कधी दुपारी त्याच्या ध्यानात यायचं की आज सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही. मग तो मुद्दाम खाकरायचा, आवाज आहे का ते बघायला. त्याला दादा म्हणणारं माणूस जगात एकच होतं. बाकी सगळ्यांचा तो थोरले, नाहीतर मिस्त्री.

पिकअपही बदलली होती. कच्च्या वाटेवर ती बकरीसारखी चढायची, पण डांबरी रस्त्याला लागली की मागून घूंऽऽ असा एकसुरी आवाज सुरू व्हायचा. वेग वाढला की आवाज चढायचा, कमी झाला की उतरायचा. पहिल्यांदा त्याला त्या आवाजाचा त्रास झाला, मग सवय झाली, आणि मग तो त्या आवाजाशी बोलायला लागला. “हो रे बाबा, पोचतो आता,” असं काहीतरी. स्टिअरिंग मात्र हाताला वेगळंच लागायचं. सरळ रस्त्यावर गाडीची मागची बाजू किंचित डोलायची, जणू ती पुढच्या बाजूचं ऐकावं की नाही याचा विचार करतेय. माल लादलेला असला तर कळायचं नाही. रिकामी असली की कळायचं.

ती दुपार अशीच होती. डोंगरातल्या एका बागेत त्यानं मोठा पंप पोचवून बसवला होता आणि मागचा हौदा रिकामा करून परत निघाला होता. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसता भुरभुर होता, रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून डांबर चकाकण्यापुरता. घाट उतरून झाला. खाली एक लांबट डावं वळण आहे, एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला खोल चर. काट्यावर पंचावन्न होते. वळण शेवटाकडे जरा आवळतं, हे त्याला माहीत होतं. नेहमीसारखा त्यानं ब्रेकला नुसता पाय लावला.

मागचा आवाज बंद पडला. घूंऽऽ होतं, ते नाहीसं झालं, आणि तेवढ्या एका क्षणात त्याला टायरवालीचे शब्द आठवले. गाडीची मागची बाजू उजवीकडे निसटली. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, उशीर झाला होता. कठडा समोरून गेला, मग झाडं, मग आपण आलो तो घाट, मग पुन्हा कठडा. हौद्यातली चेनपुली या फळीवरून त्या फळीवर आदळली. मग गाडी थांबली, इंजिन गचका खाऊन बंद झालं.

तो जिथून आला होता तिकडे तोंड करून बसला होता. मागचं एक चाक चराच्या काठावर, पलीकडे हातभर जागा. वायपर चालू होता. काच पुसायचा, थांबायचा, पुन्हा पुसायचा.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

थोरल्यानं वायपर बंद केला. मग त्यानं खिशातून फोन काढला. का काढला ते त्याला ठाऊक नव्हतं, पण माणूस मरता मरता वाचला की त्याला ते कुणाला तरी सांगायचं असतं. त्यानं नावांची यादी वर सरकवली, खाली सरकवली. पंपवाले, पाइपवाले, बागवाले, वाइंडिंगच्या तारेचा दुकानदार. मामा होते, पण ते आता फोनवर नीट ऐकू शकत नव्हते. धाकट्याचं नाव सर्वात वर होतं, कारण ते त्यानं कधीकाळी सर्वात वर ठेवलं होतं. अंगठा त्यावर थांबला.

“काय सांगू?” तो मोठ्यानं म्हणाला. “हात कापतोय म्हणून सांगू?”

फोन खिशात गेला. त्यानं गाडी चालू केली, सावकाश वळवली, आणि चाळीसच्या वर न जाता घरी आला.

पुढचे चार दिवस ती गोष्ट त्याच्या पोटात होती. पाइपवाल्याला सांगायला गेला तर तो हिशेबाची वही काढून बसला. एका बागवाल्याला म्हणाला, “परवा गाडी गोल फिरली माझी,” तर तो म्हणाला, “आमच्याकडे तर ट्रॅक्टरच उलटला होता,” आणि ट्रॅक्टरची गोष्ट अर्धा तास चालली. स्वतः जेवायला बसला की ते वळण ताटापर्यंत यायचं. चौथ्या दिवशी हातात घास असताना त्याच्या मनात वेगळाच विचार आला आणि घास तसाच राहिला.

निळ्या गाडीचं काय?

धाकट्यानं आपले दोन टायर पुढच्या चाकांना चढवले होते. चिखलात स्टिअरिंग ऐकत नाही, म्हणून पुढे. हे थोरल्याला रस्त्यात दिसलं होतं, आणि ‘त्याला कधी अक्कल येणार नाही’ असं तो मनात म्हणालाही होता. पण आता त्यानं गाडी डोळ्यांपुढे आणली. पुढे ठोकळे असले तर पुढची बाजू आधी हात सोडणार. स्टिअरिंग फिरवायचं आणि गाडी सरळच जायची. त्याच वळणावर सरळ म्हणजे चर. आणि धाकटा दर सोमवारी मुलीला त्याच रस्त्यानं वसतिगृहात सोडायला जायचा.

थोरला ताटावरून उठला. दुपारच्या उन्हात टायरवालीकडे गेला.

ती एका ट्रकचं चाक टबात बुडवून बुडबुडे शोधत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. घाट, भुरभुर, काट्यावरचे पंचावन्न, आवाज बंद पडला तो क्षण, सगळं. सांगायला सुरुवात केली आणि त्याला थांबताच येईना. ती चाक सोडून उभी राहिली.

“किती फेऱ्या घेतल्या गाडीनं?”

“दीड.”

“दीड.” तिनं ओले हात फडक्याला पुसले. “बसा. पाणी घ्या.” त्यानं पाणी घेतलं. पेला ओठांपर्यंत नेताना सांडला. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“त्याला सांग,” थोरला म्हणाला. “ते टायर काढायला सांग त्याला.”

“मी नाही सांगितलं असं वाटतं का तुम्हाला? पहिल्याच दिवशी सांगितलं. गेल्या महिन्यात पुन्हा सांगितलं. ब्रेक लवकर लागत नाही, वळणात गाडी ओढते, हे त्यालाही कळलंय.”

“मग?”

“मग काय! म्हणाला, दादानं काढले की मी काढीन.” ती हसली नाही. “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, ते तुम्हा दोघांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.”

थोरल्यानं दाराकडे पाहिलं. बाहेर त्याची पांढरी पिकअप उभी होती, मागून उंच, पुढून खाली, कुणी तिला मागून उचलून धरल्यासारखी.

“माझे काढ,” तो शेवटी म्हणाला. “रस्त्याचे साधे चढव, पुढच्यांच्या जोडीचे. आणि हे दोन इथंच ठेव. तो आला की त्याच्या मागच्या चाकांना घाल. चार होतील.”

“आणि कुणी दिले म्हणून सांगू?”

“सांगू नकोस काही.”

“मी खोटं बोलत नाही. विचारलं तर सांगणार.”

“विचारलं तर सांग,” थोरला म्हणाला.

त्यानंतर तो रोज वाट बघत होता, हे कबूल करायला हवं. शटर वर केलं की रस्त्याकडे नजर जायची. आठ दिवसांनी निळी पिकअप वर्कशॉपसमोरून गेली. चारही चाकांना ते जाड ठोकळे. घूं आवाज आता चारी बाजूंनी सारखा येत होता आणि गाडी सपाट, एका पातळीत, ठाम चालली होती. कितीही झालं तरी ते डांबराचे टायर नव्हते, पण निदान चारही चाकं एकाच मताची झाली होती. धाकट्यानं या बाजूला बघितलं की नाही ते काचेवर ऊन चमकल्यामुळे दिसलं नाही.

संध्याकाळी तो टायरवालीकडे गेला. हवा तपासायचं निमित्त काढून.

“त्यानं विचारलं?”

“नाही.”

“काहीच नाही विचारलं?”

ती हवेचा नळ हातात धरून थांबली. “त्या दोन टायरांकडे बघत उभा राहिला बराच वेळ. एकावर तुमच्या रंगाचा डाग होता, पांढरा, तो त्यानं नखानं खरवडून बघितला. मग म्हणाला, चढव. चढवले. गेला.”

“म्हणजे कळलं त्याला.”

“न कळायला तो काय आंधळा आहे?”

थोरला मान हलवून बाहेर पडला. धाकट्यानं विचारलं असतं तर ती सांगणार होती. सांगितलं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. एवढं थोरल्याला कळत होतं, कारण धाकट्याच्या जागी तो स्वतः असता तर त्यानंही हेच केलं असतं. वळण आपलंच होतं, आपणच लावलेलं.

खरा परिणाम पावसाळी दिवस आले तेव्हा दिसला. साध्या टायरांची पांढरी पिकअप डोंगरातल्या वाटांवर जाईना. पहिल्याच चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि बागवाल्यांनी ढकलून तिला परत डांबरावर आणलं. दुसऱ्या बागेकडे तर तो गेलाच नाही. “धाकट्याला बोलवा,” तो फोनवर म्हणाला. “त्याची गाडी पोचते तिकडे.” हे वाक्य पहिल्यांदा बोलायला जड गेलं, नंतर सवय झाली. हळूहळू लांबची सगळी कामं, खोल विहिरींची, दोराला धरून उतरायची, सगळी तिकडे गेली. एके दिवशी बाकावर बसून बेअरिंग साफ करताना त्याच्या लक्षात आलं, आपण चार महिन्यांत एकाही विहिरीत उतरलेलो नाही. धाकट्याला जे हवं होतं, ज्यावरून वाटण्या झाल्या, ते आपण आपल्याच हातानं, कुणी न सांगता करून बसलो. त्याला हसू आलं. हसू ऐकायला कुणी नव्हतं म्हणून ते लवकर संपलं.

त्याच्याकडे आता फक्त बाकावरचं काम उरलं. त्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. कापणारी बोटं त्यानं लाकडाच्या एका छोट्या ठोकळ्यावर टेकवायला शिकून घेतलं. तसं केलं की नट पकडता यायचा.

थंडीच्या सुरुवातीला एक बागवाला जळकी मोटार घेऊन आला. मोटारीला तारेनं एक चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर बघून थोरल्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

‘सत्तर फुटांवरून पाणी. बेअरिंग आधीपासून आवाज करत होतं. वाइंडिंग एकदा झालेलं आहे, तार बारीक वापरलीय. शाफ्ट बघणे.’

वर मायना नव्हता, खाली सही नव्हती.

“हे कुणी दिलं?” माहीत असून थोरल्यानं विचारलं.

“तुमच्या भावानं. म्हणाला, उघडून दुरुस्त करायची तर तिथंच न्या, दुसरीकडे नको.” बागवाला जरा घुटमळला. “तुमचं बोलणं नाही ना म्हणे?”

“कामाचं आहे,” थोरला म्हणाला.

तीन दिवस त्यानं त्या मोटारीवर घालवले. एवढे दिवस लागायला नको होते. शाफ्ट खरंच वाकलेला होता, केसाच्या जाडीइतका. तो सरळ केला, तार योग्य जाडीची गुंडाळली, बेअरिंग बदललं, मोटार बाकावर लावून तासभर चालवून बघितली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून थरथर कुठं येते का ते पाहिलं. मग तीच चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसला.

‘शाफ्ट वाकला होता, सरळ केला. बेअरिंग नवं. तार जाड घातली आहे. बसवताना पाया समपातळीत आहे का ते बघणे, नाहीतर पुन्हा वाकेल.’

इथं खरं तर संपलं होतं. तो पेन धरून बसला. मुलगी कशी आहे, असं विचारावंसं वाटलं. वहिनी कशी आहे, असं लिहायला हवं होतं, खरं तर धाकट्याची बायको ती, पण लग्न झाल्यापासून तो तिला वहिनीच म्हणत आला होता आणि ती त्यावरून हसायची. त्यानं दोन्ही लिहिलं नाही. ‘घाई करू नये,’ एवढं खाली जोडलं, ते पंपाबद्दल की आणखी कशाबद्दल, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर हिवाळ्यात चार मोटारी आल्या, चार चिठ्ठ्यांसह. धाकट्याच्या चार, आणि थोरल्याची उत्तरंही चार, त्याच चिठ्ठ्यांच्या पाठीवर. त्यात मोटारीबाहेरचं काही नसायचं. तिसरीत फक्त एका ओळीच्या शेवटी धाकट्यानं लिहिलं होतं, ‘इकडे थंडी जास्त आहे.’ दोघांची घरं एकाच गावात होती, दोन मैलांवर. थोरल्यानं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि उत्तरात लिहिलं, ‘इकडेही.’

मग त्यानं मोटार उचलून दाराशी नेऊन ठेवली, बागवाला चार वाजता येणार होता, आणि तोवर बाक झाडायला घेतला.